नाना, लुधियान्याची मशीन आली

नाना, मशीन आली. ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला, "मॅडम, तुमच्या नावाने लुधियान्याहून पेटी आलीये, घेऊन जा." मी म्हटलं, राँग नंबर. तर त्याने माझं नाव, जेलरोडचा आपला पत्ता, कॉलनीचं नाव, सगळं घडाघडा वाचून दाखवलं. मी विचारलं, "पाठवली कोणी?" तो म्हणाला, "ते तुम्हाला माहीत पाहिजे ना." त्याचं बरोबर होतं. पण शिलाई मशीन मी मागवलेलीच नव्हती. मागवायची होती, तुम्ही मागवू दिली नव्हती. त्यावरून आपलं जे भांडण चाललं होतं ते अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात, आणि तुमचा तेरावा होऊन पाहुणे आपापल्या गावी पोचतायत न पोचतायत तोच ही पेटी दारात.

आधी तर मी घ्यायला साफ नकार दिला. न मागवलेली वस्तू दारात आली की तिच्या पाठोपाठ कोणीतरी येतंच, हे तुम्हीच मला शिकवलंत. संदीप म्हणाला, "अगं, बघून तर घे." तुमचा हा मुलगा तुमच्यावर गेलेलाच नाही. तो आईंवर गेलाय, कोणी हसून बोललं की हा त्याला चहा पाजणार. त्यानेच टेम्पो केला, पेटी आणली आणि शेडमध्ये ठेवून दिली. मी नुसती तिच्याभोवती फिरत राहिले. यात कोणाचा काय फायदा, हा तुमचा प्रश्न स्वतःलाच विचारत राहिले.

तुम्ही संशयी होतात असं म्हणणं कमीच पडेल. उभी नोकरी नोटा छापायच्या प्रेसमध्ये गेली. रोज आत शिरताना झडती, बाहेर पडताना झडती. निवृत्त झालात, पण ते फाटक तुम्ही घरी घेऊन आलात. कुठलाही कागद हातात आला की खिडकीशी जाऊन उजेडात धरून बघायचा. विजेचं बिल असो, लग्नपत्रिका असो, डॉक्टरांची चिठ्ठी असो. आमच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा बाबांनी दिलेली माझी पत्रिकाही तुम्ही उठून खिडकीशी नेलीत, आणि बाबांचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, संपलं, मोडलं लग्न. तुम्ही परत येऊन बसलात आणि म्हणालात, "कागद चांगला हाय." त्यात तुम्ही काय शोधत होतात ते मला अजून कळलेलं नाही.

आणि शेड. घरापुढची पत्र्याची शेड, जिथे तुमची स्कूटर आणि मोडकी कपाटं असायची. तिथे मी पिको-फॉलपासून सुरुवात केली, मग पिशव्या, मग दप्तरं, मग सुनीताला हाताशी घेतलं. माझं स्वतःचं म्हणावं असं दुसरं काही नाही हो माझ्याकडे. नोकरी मी केली नाही, माहेरची जमीन भावांनी केव्हाच वाटून घेतली. ती शेड तेवढी माझी, आणि कागदावर तीही तुमची.

तुमची खुर्ची शेडच्या दाराशी. संध्याकाळी सुनीता घरी निघाली की तुम्ही तिला पिशवी उघडायला लावायचात. पहिल्या आठवड्यात बिचारी रडली, काम सोडते म्हणाली. मी तुमच्याशी भांडले, तुम्ही म्हणालात, "मी पण रोज उघडून दावत होतो. अपमान नाय त्यात, नियम हाय." पुढे पुढे सुनीताच तुमची खेचायला लागली. पिशवी तुमच्यापुढे झटकून म्हणायची, "बघा नाना, आज डब्यात नुसतं खरकटं हाय." आणि सुई तुटली की तिचा तुकडा सापडेपर्यंत काम बंद. लोहचुंबक घेऊन तुम्ही स्वतः फरशीवर. "दप्तरात राहिला तर कोणाच्या लेकराला टोचंल," एवढंच म्हणायचात. त्या बाबतीत मी कधी वाद घातला नाही.

एक सांगायचं राहिलंच होतं, ते आता सांगते. तो शाळेजवळचा दुकानदार आठवतो? दप्तरं परत घेऊन आला होता, शिवण उसवली म्हणून. मी घाबरून बदलून द्यायला निघाले. तुम्ही खुर्चीवरून उठलात, दप्तर हातात घेतलंत, शिवणीवरून बोट फिरवलंत आणि म्हणालात, "ही उसवलेली नाय. ब्लेडनं कापलीये. आमच्या वैशालीची शिवण अशी उसवत नाय." तो माणूस परत कधी आला नाही. मी त्या दिवशी आभार मानायला हवे होते, पण तुम्ही लगेच माझ्याकडे वळून म्हणालात, "दोरा मात्र हलका वापरतीस," आणि सगळ्या कौतुकावर पाणी.

मग सिंहस्थाची कामं निघाली. पंचवटीतल्या मंडपवाल्याने विचारलं, कनाती शिवाल का? ताडपत्रीसारखं जाड कापड, कडेला दोर घालून दुमडायचं, कोपऱ्यात तर चार पदर एकावर एक. आपल्या मशीनवर एक नमुना करून बघितला तर सुया तडातड तुटल्या आणि तुमचं लोहचुंबक दिवसभर फिरत राहिलं. मंडपवाला म्हणाला, "वहिनी, मोठी मशीन घ्या, काम तुमचंच. नाही जमलं तर मालेगावला द्यावं लागेल." मोठी मशीन म्हणजे कारखान्यातली, वरचं आणि खालचं कापड एकदम पुढे ओढणारी. नाशकातला दुकानदार म्हणे थांबा, सगळ्यांनाच आत्ता पाहिजे. हे काम गेलं असतं तर मी पुन्हा पिको-फॉलवर, हे मला दिसत होतं. म्हणून मोबाईलवर शोधत शोधत मी लुधियान्याच्या जसपालपर्यंत पोचले, आणि तिथून आपली जुंपली.

"न बघता? येवढ्या लांबून?" तुम्ही म्हणालात. "अन् खोका उघडल्यावर आत दगड निघाले मंग?"

मी म्हटलं, व्हिडिओ कॉल करू. तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात, चष्मा लावलात आणि त्या बिचाऱ्या जसपालची झडती सुरू झाली. त्याने मशीन दाखवली. "पीछे से दिखाव." त्याने मागून दाखवली. "नीचे से." त्याने वाकून खालून दाखवली. "चलाके दिखाव." त्याने चालवून दाखवली. "अब तुम्हारा मुंडी मशीन के बाजू में रखो, दोनो एकसाथ दिखने को होना." जसपालने मुकाट्याने मशीनला गाल टेकवला. मी ओढणी तोंडात कोंबून हसत होते. मग तुम्ही त्याला दुकानाबाहेर काढलंत आणि शेजाऱ्याला फोन द्यायला लावलात. शेजारच्या दोऱ्यांच्या दुकानदाराने सांगितलं, जसपाल भला माणूस आहे, लहानपणापासून बघतोय. तुम्ही फोनवर हात ठेवून माझ्या कानात म्हणालात, "हा बी त्यातलाच."

शेवटी तुम्ही त्याच्या आईला बोलवायला लावलंत. बीजी आल्या, डोक्यावर ओढणी घेऊन, फोन अगदी नाकाशी धरून. तुम्ही प्रश्न विचारायला तोंड उघडलंत आणि खोकला आला. त्या म्हणाल्या, "भाईसाब, ये खाँसी अच्छी नहीं है. अदरक लेते हो कि नहीं?" नाना, तुम्ही पुढचे सगळे प्रश्न विसरलात. "लेता है, लेता है," म्हणालात आणि फोन माझ्याकडे दिलात. कॉल संपल्यावर मी विचारलं, "आता?"

"माणसं लय चांगली वाटली."

"मग?"

"म्हणून तर डाऊट येतो."

त्या दिवशी मी हसले. पण पुढे ते हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. मंडपवाला विचारत होता, जसपाल विचारत होता, आणि तुम्ही रोज नवी शंका काढत होतात. मोटर बदलून टाकली तर? जुनी मशीन रंगवून पाठवली तर? एका सकाळी माझा तोल गेला. मी म्हटलं, "नाना, जसपालचं सोडा. तुमचा माझ्यावरच भरवसा नाही, तेवढं सरळ सांगा की." तुम्ही बशीत चहा ओतत होतात. ओतलात, फुंकर मारलीत, प्यायलात. मग कप विसळून पालथा घातलात आणि चपला घालून बाहेर गेलात. हो नाही की नाही नाही. चार शब्द सुनावले असतेत तरी चाललं असतं मला. त्या दिवसापासून मी मशीनचं नाव काढलं नाही, तुम्हीही काढलं नाहीत.

आणि मग तुमचं वागणंच संशयास्पद झालं. ही मेली सवय तुमच्याकडूनच लागलेली, मी एकेक गोष्ट हेरत गेले. तुम्ही टेप घेऊन शेडचं दार मोजत होतात. मी आले तशी टेप खिशात. वायरमन येऊन शेडमधलं वायरिंग बघून गेला. कशाला, तर "असंच." कोपऱ्यावरच्या इस्टेट एजंटाबरोबर तुम्ही कट्ट्यावर बसून बोलत होतात, आणि नेमकं त्याच सुमाराला शेजारच्यांनी पुढची जागा मोबाईलच्या दुकानाला भाड्याने दिलेली. मला न कळायला काय झालं! शेड जाणार. सासऱ्यांनी ठरवलंय, मला शेवटी सांगणार. त्यातच कनातीचा नमुना, चार पदरांचा कोपरा असलेला तुकडा, शेडमधून गायब झाला. मी सुनीताला विचारलं तर ती फणकारली, "ताई, नानांच्या नाकासमोरून मी काय नेणार हो?"

मग तुम्ही भोपाळला निघालात. प्रेसमधल्या जुन्या सोबत्याने घर बांधलंय म्हणे, वास्तुशांत आहे. त्र्यंबकच्या पुढे कधी एकटे न गेलेले तुम्ही, भोपाळला! संदीप स्टेशनवर सोडायला येतो म्हणाला, तर तो कपडे बदलेपर्यंत तुम्ही रिक्षा करून पसार. फोन केला की "हां, बरा हाय, जेवलो," आणि कट. मागे गाड्यांचे हॉर्न, लोकांचा कालवा. कसली वास्तुशांत अन् कसलं काय! परत आलात ते डोक्यावर नवी लोकरी टोपी घालून. मी विचारलं, "भोपाळला लोकरीच्या टोप्या मिळतात का हो?"

"मिळत असतील," तुम्ही म्हणालात.

मिळत असतील! डोक्यावर घालून आलेला माणूस सांगतोय, मिळत असतील. माझी खात्रीच पटली की जागेचा व्यवहार बाहेरगावच्या कोणाशीतरी झाला. मी तुमच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायला लागले. खोकला वाढला होता, काढा करून द्यायचे, पण हातात नाही, टेबलावर ठेवून निघून जायचे. तुम्ही तो मुकाट पीत होतात. काही सांगायचं असल्यासारखं माझ्याकडे बघायचात, आणि मी मुद्दाम भांडी वाजवायचे.

त्या संध्याकाळी तुम्ही शेडच्या दाराशी, खुर्चीवरच गेलात. कोणाला कळलंही नाही. सुनीता घरी निघाली, तिने पिशवी उघडून तुमच्यापुढे धरली. "बघा नाना." तुम्ही बघितलं नाहीत. तिला वाटलं, रुसलेत. ती पिशवी तशीच धरून उभी राहिली, आणि मग तिने मला हाक मारली ती मी कधी विसरणार नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी विचारलं, प्रवासाने झालं का? ते म्हणाले, वय होतं. डॉक्टरांचंही मला खरं वाटलं नाही.

दसकच्या घाटावर दहाव्याला कावळा काही केल्या शिवेना. झाडावर बसून मान वाकडी करून पिंडाकडे बघत राहिला. तोही तुमच्यासारखाच चौकस. सगळे हात जोडून काय काय कबूल करत होते. शेवटी संदीप म्हणाला, "नाना, शेडचं तुमच्या मनासारखं करू," आणि कावळा उतरला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मी मात्र जोडलेले हात सोडले. म्हणजे तेच होतं तुमच्या मनात. मेल्यावरही शेडच. मी घरी येईपर्यंत मान वर केली नाही, आणि लोकांना वाटलं, सून फार दुःखात आहे. दुःखात होतेच हो. पण रागातही होते.

तर आता ती पेटी. अखेर काल सकाळी उघडली, तुमच्या नियमाने. पार्सल उघडायचं तर एकाने उघडायचं आणि दुसऱ्याने शूटिंग करायचं. संदीपने खिळे काढले, सुनीताने मोबाईल धरला. तिने तर सुरुवातीला पेटीचे चारही कोपरे दाखवून घेतले, तुमच्या तालमीतली ना ती. आत दगड नव्हते, मशीन होती. पण व्हिडिओ कॉलच्या वेळी मी मशीनच्या हेडवरच्या नंबराचा फोटो काढून ठेवला होता, तो जुळवून बघितला आणि माझं डोकं सणकलं. नंबर वेगळा. दाखवली एक, पाठवली दुसरी. तुमचं एकूण एक म्हणणं खरं होतं. मी तिथल्या तिथे जसपालला फोन लावला.

"मशीन बदल के भेजी आपने!" मी ओरडलेच. "और भेजने को बोला किसने था?"

"मॅडमजी, मशीन तो अंकलजी ने ही बदलवाई."

"कौन अंकलजी?"

"आपके नानाजी. खुद आए थे दुकान पे."

मला वाटलं, हा पक्का चोर आहे. कुठून तरी याला तुम्ही गेल्याचं कळलंय, आणि गेलेल्या माणसाच्या नावावर हा माल खपवतोय. पैशांचं विचारलं तर म्हणतो, अंकलजी देऊन गेले. पैसे नकोत म्हणणारा व्यापारी! मी आणखीच सावध झाले आणि तुमच्याच पद्धतीने विचारलं, "आए थे ना? तो बताओ, क्या किया उन्होंने?"

जसपाल हसायलाच लागला. म्हणाला, पहिल्यांदा माझ्या बिलाचा कागद घेऊन दाराशी गेले आणि उजेडात धरून बघितला. मग पिशवीतून जाड कापडाचा एक तुकडा काढला, चार पदरांचा, आणि म्हणाले, यावर चालव. व्हिडिओतली मशीन सरळ शिवणीवर छान चालली, पण चार पदरांवर चढली की मधेच एखादा टाका सोडायला लागली. मला खरंच माहीत नव्हतं मॅडमजी, आम्ही साध्या कापडावरच चालवून दाखवतो. मग अंकलजींनी दुकानातली एकूण एक मशीन त्या तुकड्यावर चालवायला लावली. एकीवर सुई तुटली. "फिर तो दुकान ही बंद," जसपाल म्हणाला. "फर्श पे बैठ गए. ग्राहक खड़े हैं, और ये बोले, टुकड़ा मिलने तक कोई हिलने का नहीं."

मी पेटीच्या फळीवर बसले. आता कुठला पुरावा मागणार होते?

नाना, तुम्ही लुधियान्याला गेला होतात! दार मोजलंत ते पेटीसाठी. वायरमन आला तो मोटरसाठी. आणि माझं कापड तुम्ही चोरलंत. अख्ख्या जगाच्या पिशव्या तपासणारे तुम्ही, माझा नमुना स्वतःच्या पिशवीत घालून माझ्या डोळ्यांदेखत घेऊन गेलात. एजंटाशी काय कुजबुज चालली होती ते मात्र अजून उलगडलेलं नाही, आणि खरं सांगू, त्या माणसाबद्दलचा माझा संशय अजून गेलेला नाही. संदीपने बँकेत चौकशी केली, पैसे तुम्ही दिले होते हेही खरं निघालं. मला इतका राग आला तुमचा! एवढा खोकला असताना, त्या थंडीत, तीन-चार राज्यं ओलांडून कोण जातं? तोंड उघडून "वैशाली, जाऊन बघून येतो" एवढं म्हणायला काय झालं होतं? मी आले असते की तुमच्याबरोबर. डबा करून घेतला असता.

तेवढ्यात जसपाल म्हणाला, "अंकलजी को फोन दो ना ज़रा. बीजी कब से पूछ रही हैं, खाँसी कैसी है."

म्हणजे त्याला माहीतच नव्हतं. आणि माझ्या लक्षात आलं की हे मी माझ्या तोंडाने अजून कोणालाच सांगितलेलं नाही. सगळ्यांना फोन संदीपने केले होते, येणारे सगळे कळल्यावरच आलेले. मी म्हटलं, "नाना नहीं रहे." परक्या भाषेत, परक्या माणसाला, ज्याला मिनिटभरापूर्वी मी चोर समजत होते. आणि मग मला जे रडू फुटलं ते आवरेना. सुनीता बावळटासारखी शूटिंग करतच राहिली होती. ते सगळं त्या व्हिडिओत आहे.

बीजींनी फोन घेतला. रडत रडत बोलत होत्या, निम्मं मला कळत नव्हतं. तुम्हाला त्यांनी लॉजवर जाऊ दिलं नाही, दुकानाच्या वर त्यांच्याच घरी ठेवून घेतलं. तुम्ही आतून कडी लावून, पिशवी उशाखाली घेऊन झोपलात. सकाळी त्यांनी चहा दिला तर म्हणालात, पहले जसपाल पियेगा. हे सांगताना त्या रडता रडता हसल्या आणि मीही. टोपी त्यांनीच दिली, निघताना, स्वतःच्या हाताने घातली. तुम्ही ती घरी येईपर्यंत काढली नाहीत. मी विचारलं, "तब तबीयत कैसी थी उनकी?" त्या म्हणाल्या, "थके थे बेटा, पर खुश थे. मशीन मिल गई थी ना." हे मात्र मी न तपासता खरं मानलं.

मग जसपाल परत फोनवर आला. चाचरत म्हणाला, "मॅडमजी, एक बात है. मशीन अभी पक्की नहीं हुई है."

मला वाटलं, आला, आता खरा मुद्दा आला.

तो म्हणाला, अंकलजींनी ही मशीन निवडली, पैसे दिले, तेव्हा मी विचारलं, पक्का ना? तर म्हणाले, "मेरा पक्का नहीं चलता. उसको चलाने की है. वो चलाके देखेगी, वो हाँ बोलेगी, तब पक्का. ना बोली तो वापस लेने का." मी म्हटलं, अंकलजी, तुम्ही एवढं बघितलंत, आता त्या आणखी वेगळं काय बघणार? तर म्हणाले, "मेरे को सिर्फ खोट दिखता है. काम उसको समझता है."

नाना, त्या सकाळी मी बशीतल्या चहापुढे तुम्हाला जे विचारलं होतं, त्याचं उत्तर तुम्ही लुधियान्याला जाऊन, एका परक्या माणसापाशी, मोडक्या हिंदीत देऊन आलात. मला द्यायला काय झालं होतं? मी समोर बसले होते. टेबलावर काढा ठेवत होते. तुम्ही माझ्याकडे बघत होतात तेव्हा हेच सांगायचं होतं का? की पेटी आल्यावर माझं तोंड कसं होतं ते खुर्चीवर बसून बघायचं होतं? तुमचं काही सांगता येत नाही. बहुतेक दुसरंच असणार.

जसपाल वाट बघत होता. "तो मॅडमजी, हाँ समझूँ?"

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "रुको. पहले देखने दो."

काल दिवसभर चालवली. आज सकाळपासून पुन्हा चालवते आहे. सरळ शिवण, कडेचा दोर, चार पदरांचा कोपरा. आधी हलका दोरा लावून बघितला, मग जाड. मागून बघितली, खालून बघितली. टाका सुटत नाही, आवाज एकसारखा येतो. सुनीता म्हणते, "ताई, आता अजून काय बघता?" मी तिला म्हटलं, तू गप बस. खोट शोधली नाना, मनापासून शोधली. नाहीये.

मशीन आल्याचं कळवल्यावर मंडपवाला उद्या सकाळी कापड टाकतो म्हणालाय, त्याच्याआधी जसपालला कळवावंच लागेल. कळवेन. पण एकदा हो म्हटलं की आपलं भांडण मिटलं, आणि मिटलं की मग तुमच्याशी बोलायला माझ्याकडे दुसरं काय आहे? म्हणून आजचा दिवस असाच जाऊ द्या. आज मी अजून हो म्हटलेलं नाही.